जुन्या प्रोसेसरांचे एक कपाट

इंदूरच्या स्वच्छतेची वाखाणणी आता देशाला नवी राहिलेली नाही. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात या नगरीस पहिला क्रमांक मिळाला आणि पुढे वर्षानुवर्षे तो तिने सोडला नाही. २०२३ च्या सर्वेक्षणात तेवढा सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला. रोज सकाळी गाणे वाजवीत दाराशी येणाऱ्या गाडीत ओल्या, सुक्या, प्लास्टिकच्या आणि घातक कचऱ्याचे निरनिराळे कप्पे असतात. विजेच्या निकामी उपकरणांसाठीही एक कप्पा असतो. या शिस्तीचा मला इतर कोणाही इंदूरकराइतकाच अभिमान आहे. परंतु ज्या नगरीला टाकून देण्याची कला इतकी उत्तम साधली, तिने काय टाकू नये याचाही थोडा विचार करावयास हवा, आणि तो विचार शाळेने करावा, असे मला वाटते. कारण आपल्या संगणककक्षातील जुनी यंत्रे या उन्हाळ्याच्या सुटीत निकालात निघावयाची आहेत.

यंत्रे जाऊ नयेत, असे माझे म्हणणे नाही. ती जावीत, जागा अडते, वीज जास्त लागते, नवे कार्यक्रम त्यांवर चालत नाहीत. माझे मागणे लहानसे आहे. प्रत्येक प्रकारच्या यंत्रातील एक एक प्रोसेसर काढून घ्यावा, त्याला चिठ्ठी लावावी आणि ग्रंथालयातील एका काचेच्या कपाटात तो ठेवावा. भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाने या गोष्टीत तोंड का घालावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर ओघात येईलच.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील ती चौकोनी वडी, जी आज्ञा वाचते आणि त्याप्रमाणे आकडेमोड करते. बाकीचे सारे भाग तिच्या सेवेला असतात. वाळूपासून काढलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अतिसूक्ष्म खटके कोरलेले असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. १९७१ च्या नोव्हेंबरात इंटेल कंपनीने ४००४ नावाचा प्रोसेसर विक्रीस काढला. बिझीकॉम या जपानी कंपनीच्या हिशेबयंत्रासाठी तो मुळात घडविला होता. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्यावरील रेषा दहा मायक्रोमीटर रुंदीच्या, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या होत्या. २०२० साली अॅपल कंपनीने आणलेल्या एम-१ या चिपेत १६ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत. म्हणजे एकोणपन्नास वर्षांत संख्या सुमारे सत्तर लाख पटींनी वाढली. हा आकडा फळ्यावर लिहिला की विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. परंतु दोन वड्या शेजारी शेजारी तळहातावर ठेवल्या आणि मागच्या सोन्याच्या पायांची संख्या मोजावयास सांगितली (४००४ ला फक्त सोळा पाय होते), तर तो आकडा बोटांना समजतो. बोटांना समजलेले सहसा विसरत नाही.

शाळांच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत जवळची गोष्ट मात्र इंटेलची नव्हे. १९८४-८५ साली भारत सरकारने शालेय संगणक साक्षरतेची एक योजना काढली. तिचे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव ‘क्लास’. प्रारंभी देशातील सुमारे अडीचशे शाळांना तिच्यात संगणक मिळाले, आणि ते होते इंग्लंडातील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो. त्यात ६५०२ हा प्रोसेसर होता. १९७५ साली हा प्रोसेसर बाजारात आला तेव्हा त्याची किंमत अवघी पंचवीस डॉलर ठेवली होती. त्यासारख्या इतर प्रोसेसरांना त्या काळी याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागत. या स्वस्ताईमुळेच घरगुती आणि शालेय संगणक शक्य झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता पुढची गंमत पाहा. त्याच एकॉर्न कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ६५०२ च्या पुढे जाणारा, पण त्याच्यासारखाच साधा प्रोसेसर स्वतः रेखाटावयाचे ठरविले. १९८५ च्या एप्रिलमध्ये तो प्रथम चालला, आणि चालला तो बीबीसी मायक्रोलाच जोडून. त्याचे नाव आर्म. फर्बर सांगतात की, तो किती वीज खातो हे मोजावयास गेले तेव्हा मापक शून्य दाखवू लागला. पाहतात तो वीजपुरवठ्याची तार जोडलेलीच नव्हती, आणि इतर तारांतून झिरपणाऱ्या किंचित विजेवर प्रोसेसर आपले काम करीत होता! ही मितव्ययी वृत्ती पुढे मोबाईल फोनच्या कामी आली. आज तुमच्या वडिलांच्या खिशातील फोन कोणत्याही कंपनीचा असो, त्यातील प्रोसेसर बहुधा याच आर्मच्या वंशातला असतो. ज्या शाळांत ते बीबीसी मायक्रो आले होते, त्यांतील किती शाळांकडे आज त्यातला एखादा ६५०२ उरला असेल? आपल्या शाळांची सांभाळून ठेवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उत्तर सांगावयास नको.

जुने प्रोसेसर जमविणे हा जगात आता एक रीतसर छंद झाला आहे. पांढऱ्या चिनीमातीच्या आणि सोन्याच्या मुलाम्याच्या पहिल्या ४००४ ला संग्राहक मोठी किंमत देतात. तिकिटे आणि नाणी यांच्या छंदाला जे ग्रहण लागते ते याही छंदाला लागलेले आहे: वस्तू दुर्मिळ म्हणून मोलाची, मग तिच्यात काय होते याची विचारपूस नाही. अशा संग्रहाविषयी मला फारसा आदर वाटत नाही. संग्रहाचे खरे मोल तुलनेत आहे. दोन वस्तू शेजारी ठेवून त्यांच्यातील भेद शोधणे हे विद्येचे पहिले पाऊल. व्याकरणात आपण हेच करतो, वनस्पतिशास्त्रातही हेच.

तुलना करावयाची म्हटली की मुले प्रथम वेग विचारतात. किती मेगाहर्ट्झ? जणू काही सर्व गुण त्या एका आकड्यात साठविले आहेत. ६५०२ चा समकालीन झेड-८० हा प्रोसेसर घ्या. त्याचे घड्याळ ६५०२ च्या दुप्पट-चौपट वेगाने टिकटिकत असे. परंतु ६५०२ आपली सोपी आज्ञा दोन टोल्यांत उरकी, तर झेड-८० ला तिला निदान चार टोले लागत. म्हणजे घड्याळाचा आकडा मोठा असूनही कामाची बरोबरी होऊ शके. पुढे २००१ मध्ये हाच वाद मोठ्या प्रमाणावर रंगला. इंटेलचा पेंटियम-४ घड्याळाच्या वेगावर दिमाख मिरवीत होता. तेव्हा प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीने आपल्या अॅथलॉन एक्सपीवर वेगाचा आकडा छापणेच सोडले आणि ‘१८००+’ असे नाव दिले, प्रत्यक्षात त्याचा वेग १,५३३ मेगाहर्ट्झ होता. यात व्यापारी चातुर्य होते हे खरे, पण म्हणणे अगदीच खोटे नव्हते. एका टोल्यात तो अधिक काम करीत असे. भराभर बोलणारा विद्यार्थी अधिक सांगतो असे नाही, हे ज्याने तोंडी परीक्षा घेतली आहे त्याला पटेल.

चिठ्ठीवरच्या नावावरही विसंबू नये. १९९१ साली इंटेलने ४८६ एसएक्स नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. प्रारंभी तो म्हणजे महाग ४८६ डीएक्सच होता. त्यातील अपूर्णांकांचे गणित करणारा भाग मुद्दाम बंद करून ठेवला होता. ज्याला पुढे तो भाग हवासा वाटे, त्याने ४८७ नावाची जोडचिप विकत घ्यावयाची; आणि ती जोडचिप म्हणजे पुन्हा एक पूर्ण ४८६ डीएक्स, जो बसविताच आधीच्या प्रोसेसरला गप्प करून सारे काम स्वतः करी! बाजाराचा हा धडा मी कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात इतक्या थोडक्यात वाचलेला नाही.

याहून मोलाचा नमुना म्हणजे चुकणारा पेंटियम. पेंटियम १९९३ मध्ये आला; त्यात ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. त्याच्या घडणीचे नेतृत्व करणाऱ्यांत विनोद धाम हे अग्रणी. ते पुण्यात जन्मलेले, दिल्लीस अभियांत्रिकी शिकलेले, आणि २०२५ साली पद्मभूषणाने गौरविलेले. त्या पेंटियमच्या भागाकाराच्या कोष्टकात काही नोंदी राहून गेल्या होत्या. १९९४ मध्ये व्हर्जिनियातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आपल्या आकडेमोडीत विसंगती आढळली आणि ती त्यांनी जाहीर केली. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण हाताने करून पाहावे: ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा. उत्तर १.३३३८२०४… असे येते. सदोष पेंटियम १.३३३७३९०… असे सांगत असे. भागाकाराला पुन्हा भाजकाने गुणून मूळ संख्येतून वजा केले की बाकी शून्य यावयास हवी. त्या यंत्रात २५६ येई. इंटेलने आधी दोष किरकोळ म्हणून टाळाटाळ केली, मग लोकांच्या रेट्यापुढे मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले आणि त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलर हिशेबात खर्ची टाकले. असा एक सदोष पेंटियम कपाटात असावा, अशी माझी फार इच्छा आहे. यंत्र सांगते म्हणून खरे, अशी ज्या मुलांची समजूत होऊ लागली आहे, आणि हल्ली ती फार होऊ लागली आहे, त्यांना तो दाखविता येईल.

आपल्या देशाच्या वाट्याला या इतिहासात केवळ विकत घेणे आले, असे मात्र नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने हवामानाच्या कामासाठी एक क्रे महासंगणक कडक अटींवर दिला, पण त्याहून समर्थ यंत्र देण्यास नकार दिला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे आले आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. एक महाबलाढ्य प्रोसेसर मिळत नाही, तर पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जुंपावेत, ही त्यामागील कल्पना. खेड्यात एखाद्याच्या शेताच्या नांगरटीला सारे गाव आपापले बैल घेऊन येते, त्याला इर्जिक म्हणतात. परम म्हणजे प्रोसेसरांचे इर्जिकच. त्यासाठी निवडलेला प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर. त्याचे वैशिष्ट्य असे की, चार शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे त्याच्या अंगातच दिलेले होते. कंपनी लवकरच दुसऱ्याच्या हाती गेली, ट्रान्सप्युटर मागे पडला, आणि सी-डॅकनेही पुढच्या यंत्रांत इतर प्रोसेसर वापरले. आज मराठी मुलांना परमचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून ठाऊक असते. ट्रान्सप्युटर कसा दिसतो हे शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. आपल्या पराक्रमाचे हत्यारच आपल्याला ओळखता येऊ नये, ही गोष्ट मला बोचते.

पुण्याचेच दुसरे उदाहरण देतो. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, समया, दौती, कुलपे अशा हजारो वस्तू जन्मभर वेचून गोळा केल्या. राजा या आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपविले. अडकित्ता घरोघरी होता, म्हणून त्याची किंमत कोणाला नव्हती. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे वाचविली, तीही लोकांच्या लेखी रद्दीच होती. संग्राहकाला वस्तू दुर्मिळ होण्याच्या आधी वेचावी लागते. पेंटियम-४ आज कोणत्याही अडगळीत सापडतो, म्हणून तो आजच उचलला पाहिजे.

आणि घाई करण्याला आणखी एक कारण आहे. ते म्हणजे सोने. जुन्या प्रोसेसरांच्या पायांवर आणि आतील जोडण्यांवर सोन्याचा मुलामा असे. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये तो इतका भरपूर होता की, भंगाराच्या व्यापारात त्याचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या सराफ्यातील केर धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी आपण पाहिले आहेत. त्यांची विद्या प्रामाणिक आहे. परंतु जुन्या चिपा अम्लराजात बुडवून घराच्या मागील अंगणात सोने काढण्याचे जे प्रयोग लोक करतात, ते फुफ्फुसे जाळणारे आहेत आणि उरलेले विषारी पाणी नालीत जाते. कोणाही विद्यार्थ्याने चित्रफीत पाहून हा उद्योग करू नये, हे मी निक्षून सांगतो. एका प्रोसेसरात मिळून जेमतेम गुंजभर सोने, तेही निघाले तर. त्यासाठी एक वस्तू कायमची नाहीशी होते. निकामी यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच गेली पाहिजेत, अशी व्यवस्था १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत आहे, आणि ती योग्य आहे.

एक आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे. प्रोसेसर मुका असतो. यंत्रातून काढला की तो चालत नाही, नुसती वडी पाहून मुले काय शिकणार? म्हणून मी असे सुचवितो की, निदान एक जुना संगणक समग्र आणि चालू स्थितीत ठेवावा, आणि वर्षातून काही दिवस तो मुलांना चालवू द्यावा. तो उघडण्यास लागणारा वेळ, त्याच्या पंख्याचा घरघराट, यांतूनही त्या काळाची चाल कळते. चित्रे महाजालावर आहेतच, असे जे म्हणतात, त्यांनी केळकरांच्या संग्रहालयाचे छायाचित्र पाहून पुण्यास जाणे रद्द केले असेल, असे वाटत नाही.

आता भाषेच्या शिक्षकाचे कारण. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची आज्ञावली असते. ती त्याची भाषा. १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरची भाषा इंटेलने पुढच्या प्रत्येक पिढीस शिकविली. ट्रान्झिस्टर २९,००० वरून अब्जावधींवर गेले, अंतर्रचना मुळापासून बदलली. पण आजच्या टेबलावरील इंटेल किंवा एएमडीच्या संगणकाचा प्रोसेसर ती चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आज्ञा ऐकून अजून ओळखतो. माझ्या घरची बोली कोंकणी. शाळेत मराठी, बाजारात हिंदी, कार्यालयात इंग्रजी, असा दिवस जातो. पण घरातून कोणी कोंकणीत हाक मारली की उत्तर कोंकणीतच येते. या नगरीतील कितीतरी मराठी घरांत चार-पाच पिढ्या असेच चालले आहे. म्हणून त्या वडीतील जुन्या भाषेविषयी मला आपुलकी वाटते. आणि ट्रान्सप्युटरच्या भाषेसारख्या ज्या भाषा वंशज न ठेवता संपल्या, त्यांच्याविषयी अधिक वाटते.

जुने म्हणजे टाकाऊ, हे समीकरण तर विज्ञानानेच खोडून काढले आहे. हबल दुर्बिणीत १९९९ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जो नवा संगणक बसविला, त्यात ४८६ प्रोसेसर होता. तो पृथ्वीवर दहा वर्षांचा जुना झालेला होता. भारताने २०२५ मध्ये सादर केलेला विक्रम ३२०१ हा अग्निबाणांसाठीचा प्रोसेसर मोहालीच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरच्या पद्धतीने घडविला आहे. इंटेलचा पेंटियम-३ त्याच मापाने १९९९ मध्ये निघाला होता. अंतराळात वेगापेक्षा भरवसा मोठा. याच मोहालीतील कारखाना १९८९ मध्ये आगीत भस्म झाला होता, हेही लक्षात ठेवले तर त्या लहानशा चिपेकडे आपण निराळ्या दृष्टीने पाहू.

कपाटाची व्यवस्था कठीण नाही. यंत्र विजेपासून सोडवून काही दिवस तसेच ठेवावे, वीजपुरवठ्याची पेटी कोणी उघडू नये. प्रोसेसर शिक्षकांच्या देखरेखीखाली काढावा. इंटेलच्या २००४ नंतरच्या बहुतेक प्रोसेसरांना पाय नसतात, ते खाचेत असतात, तेव्हा वडी सरळ वर उचलावी. पाय असतील ते फोमच्या तुकड्यात रोवावेत. चिठ्ठीवर नाव, साल, ट्रान्झिस्टरांची संख्या आणि घड्याळाचा वेग तर लिहावाच. परंतु तो कोणत्या यंत्रात होता, त्या यंत्रावर आपल्या शाळेने काय केले, कोणत्या वर्षीचे निकालपत्रक त्यावर छापले गेले, हेही लिहावे. पहिले पाच-सहा नमुने आपल्या संगणककक्षातूनच मिळतील. पुढचे जेल रोडवरील दुरुस्तीच्या दुकानांत विचारावेत. ८०८५ एखाद्या अभियंता पालकांच्या टेबलाच्या खणात पडलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे, कारण त्यावर आपल्या देशातील अभियंत्यांच्या कित्येक तुकड्या शिकल्या. वरचा खण मी ट्रान्सप्युटरसाठी रिकामा ठेवीन. सुटीपूर्वी ज्यांच्या घरी काही सापडेल त्यांनी ते ग्रंथालयात आणून द्यावे. यंत्रे नेणारी गाडी मे महिन्यात येणार आहे.